वानखेडेच्या स्टँडवर कॅमेरा कोण फिरवणार?

पोस्ट लांब आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण पूर्ण वाचूनच भांडा, एवढीच विनंती.

विषय क्रीडा डॉक्युमेंटऱ्यांचा आहे. हसू नका. आपल्या उपनगरातली पोरं आता जेवढ्या आवडीने मॅच बघतात, तेवढ्याच आवडीने मॅचवरच्या डॉक्युमेंटऱ्या बघतात. बोरिवली स्लोमध्ये बघा, नाहीतर मुलुंड-घाटकोपरच्या गर्दीत बघा. कानात इअरफोन आणि मोबाईलवर मायकेल जॉर्डनची ‘द लास्ट डान्स’, वेस्ट इंडिजवरची ‘फायर इन बॅबिलॉन’, नाहीतर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली भारत-पाकिस्तानवरची ‘द ग्रेटेस्ट रायव्हलरी’. मीही बघतो, आवडीने बघतो. शाळेच्या पुस्तकातून जो इतिहास डोक्यात शिरला नाही तो असल्या डॉक्युमेंटरीतून शिरतो, हेही मान्य. म्हणूनच त्यात काय दाखवतात आणि काय कापतात यावर बोललं पाहिजे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या खेळाच्या गोष्टीत वर्णद्वेष, जातद्वेष, धर्मद्वेष हे सगळं नेहमी समोरचा संघ करतो. आपला संघ आणि आपलं स्टँड कायम धुतल्या तांदळासारखं. दोन संघांचं वैर जितकं मोठं, तितकं हे पाप झाकायला सोपं जातं, कारण वैरात माणूस पहिल्यांदा स्वतःकडे बघणं सोडतो.

उदाहरण घेऊ. २०२२ मध्ये ‘बंदों में था दम’ नावाची मालिका आली. नीरज पांडे यांची. विषय २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला संघ नंतर मालिका जिंकून येतो, मेलबर्न, सिडनी, गाबा. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. त्या दौऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या मैदानावर मोहम्मद सिराज सीमारेषेवर उभा असताना प्रेक्षकांतून त्याला शिव्या आल्या. त्याने कर्णधाराला आणि पंचांना सांगितलं, खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते त्या पोराचे. घरापासून हजारो मैलांवर तो हे सोसत होता आणि तरी गोलंदाजी करत होता. हे सगळं सांगितलंच पाहिजे. शंभर वेळा सांगितलं पाहिजे.

आता दुसरं स्टेडियम. तारीख १७ ऑक्टोबर २००७, ठिकाण आपलं वानखेडे. भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय मालिकेचा सातवा सामना. क्रिकेटवेड्या माणसाला विचारा, तो लगेच सांगेल, मुरली कार्तिकने २७ धावांत ६ बळी घेतले आणि आपण २ गडी राखून जिंकलो. बरोबर. त्याच दिवशी, त्याच स्टेडियममध्ये, तिकीट काढून आलेले आपलेच लोक अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज काढत होते, काखा खाजवून दाखवत होते. त्याचे फोटो छापून आले. पोलिसांनी चौघांना ताब्यात घेतलं. त्याआधी काही दिवस बडोद्यातही असाच प्रकार झाला होता आणि तिथे तर लोकांना समजून घेण्यात चूक झाली, अशी सारवासारव झाली होती. वानखेडेवर फोटोच निघाले, त्यामुळे सारवायला जागा उरली नाही.

यावर किती डॉक्युमेंटऱ्या बघितल्यात तुम्ही? या एका दुपारवर कुणी एक तासाचा कार्यक्रम केला आहे का? त्या स्टँडमध्ये बसलेल्या, आता चाळिशी-पन्नाशीला आलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून कुणी विचारलं आहे का, की बाबा, त्या दिवशी तुझ्या आजूबाजूला काय चाललं होतं आणि तू काय केलंस?

त्याऐवजी आपल्याला काय आठवतं? जानेवारी २००८, सिडनी. हरभजन सिंगवर सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप, तीन कसोटींची बंदी, मग अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांनी पुराव्याअभावी तो आरोप उचलून धरला नाही, बंदी गेली आणि शिवीगाळीबद्दल अर्ध्या मानधनाचा दंड राहिला. हरभजनने ते शब्द उच्चारल्याचं कायम नाकारलं. निकाल लागला, मला त्यात पुन्हा जायचं नाही. पण ती गोष्ट आपण सांगतो तेव्हा ती सिडनीपासून सुरू करतो. सिडनीपासून सुरू केली की ती गोऱ्यांच्या कांगाव्याची गोष्ट होते. वानखेडेपासून सुरू केली की ती वेगळीच गोष्ट होते. त्यात तीन महिन्यांपूर्वी मुंबईत अपमान गिळून गेलेला एक माणूस असतो आणि तोच शब्द पुन्हा ऐकल्यासारखा वाटल्यावर तो का भडकला, हे कळतं. गोष्ट कुठून सुरू करायची, हा डॉक्युमेंटरीवाल्याचा सगळ्यात मोठा अधिकार असतो. खोटं बोलायची गरजच नसते, सुरुवात तीन महिने पुढे ढकलली की काम होतं.

पुढे २०११ मध्ये सायमंड्स आणि हरभजन एकाच मुंबई इंडियन्सच्या जर्सीत खेळले. मे २०२२ मध्ये सायमंड्स मोटार अपघातात गेला. आपल्या शहराने त्याला कधी ‘चुकलं आमचं’ म्हटलं नाही.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत तरी कुठे सगळं दाखवतात? सगळं नाही दाखवत. पण निदान विषय टाळत नाहीत. बास्केटबॉलमधलं बोस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांचं वैर घ्या. आपल्याकडचं भारत-पाकिस्तान नाही, पण मुंबई-दिल्ली रणजीचं जुनं वैर शंभरने गुणलं तर जवळ जाईल. त्यावर २०१७ मध्ये ईएसपीएनने ‘सेल्टिक्स/लेकर्स : बेस्ट ऑफ एनिमीज’ ही तीन भागांची मालिका केली. निवेदनाला दोन माणसं, एक बोस्टनचा, एक लॉस एंजेलिसचा, दोघं आपापल्या संघाची बाजू घेऊन भांडतात. एक गोरा, एक काळा. ऐंशीच्या दशकात लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन समोरासमोर आले तेव्हा अर्धा देश खेळ बघत होता आणि अर्धा देश कातडीचा रंग बघत होता, हे त्यात झाकून ठेवलेलं नाही. बोस्टनचाच बिल रसेल बघा. सेल्टिक्सला त्याने ११ विजेतेपदं मिळवून दिली, १९६६ मध्ये तो एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला. आणि त्याच बोस्टनजवळच्या त्याच्या घरात लोक घुसले, नासधूस केली, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहून गेले. कुणी केलं? लेकर्सवाल्यांनी नाही. ज्या गावासाठी तो घाम गाळत होता त्या गावातल्या लोकांनी. बोस्टनवाल्यांना ही गोष्ट नको असते, पण सेल्टिक्सचा इतिहास सांगताना ती गाळून पुढे जाता येत नाही, इतपत तिथे दबाव तयार झाला आहे. आपल्याकडे तो दबाव नाही. तो आपणच तयार करायचा आहे, म्हणून ही पोस्ट.

‘फायर इन बॅबिलॉन’ बघताना आपण सगळे वेस्ट इंडिजच्या बाजूने असतो. १९७६ मध्ये इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग त्यांना गुडघ्यावर आणायची भाषा करतो, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गोरा माणूस काळ्या खेळाडूंना हे म्हणतो, आणि मग होल्डिंग, रॉबर्ट्स त्याची उत्तरं चेंडूने देतात. टाळ्या. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये किंग्स्टनला आपला संघ होता. बाउन्सरचा मारा झाला, अंशुमन गायकवाड कानाजवळ चेंडू लागून रुग्णालयात गेले, बिशनसिंग बेदींनी डाव सोडून दिला, शेवटी फलंदाजीला यायलाच माणसं उरली नाहीत. प्रेक्षक रक्त बघून ओरडत होते. आपल्या सुनील गावसकरांना राग आला आणि तो रास्त होता. पण ‘सनी डेज’ या पुस्तकात त्या गर्दीबद्दल लिहिताना त्यांनी रानटीपणाची, जंगलाची भाषा वापरली. तीच भाषा गोरे लोक त्या बेटांबद्दल दोनशे वर्षं वापरत आले होते. मी गावसकरांचा भक्त आहे, या मुंबईत कोण नाही? पण त्यांच्यावर कुणी चार तासांची मालिका केली तर हे पान त्यात हवं. ते आज त्याकडे कसं बघतात हे त्यांनाच विचारावं. त्याने त्यांची एक धाव कमी होणार नाही.

आता आपल्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट. ही पोस्ट लिहायचं खरं कारण तेच.

संघांच्या नावातच धर्म असलेली स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदू आले म्हणून तिरंगी, १९१२ पासून मुसलमान आले म्हणून चौरंगी, १९३७ पासून पंचरंगी. पाचवा संघ कुठला माहितीये? त्याचं नाव ‘द रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’. ख्रिस्ती, ज्यू वगैरे जे वरच्या चारांत बसत नाहीत ते. सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिस्ती, म्हणून ते ‘बाकीचे’. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर हिंदूंकडून विजय मर्चंट नाबाद २५०, आणि बाकीच्यांच्या दुसऱ्या डावात ३८७ पैकी एकट्या हजारेंच्या ३०९. यापेक्षा भारी वैर कुठल्या पटकथाकाराला सुचणार आहे? मर्चंट विरुद्ध हजारे ही गोष्ट सांगतात, पण सांगलीत जन्मलेल्या या माणसाला त्याच्याच मुलखात ‘बाकीचा’ का ठरवलं होतं, तिथे निवेदक घाईत असतो.

आणि हिंदू संघ म्हणजे तरी एकसंध होता का? इथे येतात पालवणकर बाळू.

चर्मकार समाजातला मुलगा, जन्म १८७६. वडील फौजेत नोकरीला. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपये. तिथे जाळीत साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची. जे. जी. ग्रेग नावाचा कॅप्टन आपला सराव व्हावा म्हणून लवकर येऊन त्यांना चेंडू टाकायला लावायचा. बाद केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. पण इतक्या वर्षांत बाळूंच्या हातात बॅट एकदाही दिली नाही. बॅट साहेबांची, घाम आपला. हा झाला गोऱ्यांचा वर्णभेद, आणि हे दाखवायला आपला कुठलाही निर्माता एका पायावर तयार होईल.

पुढचं दाखवतील का? पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांच्या क्लबाला हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानात ते टाकतील तो चेंडू सगळे झेलणार. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत कपबशीत, आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. तोंड धुवायचं तर पाणी ओतायला त्यांच्यासारखाच अस्पृश्य गडी. चेंडूला विटाळ नाही, चहाला विटाळ. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही त्या संघात. देशभर जल्लोष. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. बाकी संघ हरत होता, हा एकटा डावरा माणूस बळी काढत होता. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला, त्याचं मानपत्र लिहिलं होतं विशीतल्या भीमराव आंबेडकरांनी.

एवढं सगळं झालं तरी कर्णधारपद? नाही. वर्षामागून वर्ष नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा त्यांच्या दोन भावांनी, शिवराम आणि विठ्ठल यांनी, जाहीर निवेदन काढून संघ सोडला. शंभर वर्षांपूर्वी. ना ट्विटर, ना पीआरवाला, ना वकील. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, मग बाळूंना उपकर्णधार केलं आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी जिंकून दाखवली.

बाळूंवर हिंदी चित्रपट येणार असल्याच्या बातम्या मध्यंतरी येऊन गेल्या. आला तर आनंदच आहे. पण मला भीती कशाची वाटते सांगतो. त्याचा शेवट १९०६ वर होईल. साहेब हरले, ढोल वाजले, तिरंगा नसला तरी तिरंग्यासारखं काहीतरी फडकलं, श्रेयनामावली. म्हणजे जातीची गोष्ट गोऱ्यांविरुद्धच्या वैरात विरघळून गेली. मातीच्या भांड्यातला चहा एका मिनिटात, सारंगीच्या सुरावर, आणि लगेच पुढे. १९२० नको, कारण १९२० मध्ये समोर साहेब नाही, समोर आपणच आहोत. आणि १९३७ तर अजिबात नको, कारण त्या वर्षी हेच बाळू मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे होते आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. खऱ्या माणसाचं आयुष्य असंच अडचणीचं असतं, ते कुठल्याच बाजूच्या पोस्टरवर नीट बसत नाही. पण मग तेच तर दाखवायचं ना?

आणि पुरावा नाही ही सबब चालणार नाही. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं आहे. मराठीत आहे. रामचंद्र गुहांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात हा सगळा इतिहास विस्ताराने मांडला आहे. सामग्री पडून आहे. कमी आहे ती छाती.

आता तुमचे आक्षेप. मला तोंडपाठ आहेत, मीच लिहून टाकतो.

‘खेळात जात-धर्म कशाला आणता?’ मी आणला? जिथे संघाचं नावच हिंदू, मुसलमान, पारशी, बाकीचे असं होतं, तिथे तो मी आणायचा राहिला होता का? गांधीजींनी १९४० मध्ये या स्पर्धेला विरोध केला तो उगीच नाही. १९४६ मध्ये ती बंद पडली.

‘त्या काळी तसंच होतं.’ त्या काळीही विठ्ठल आणि शिवराम होते. त्या काळीही अन्यायाला अन्याय म्हणणारी वर्तमानपत्रं होती. काळाच्या नावावर बिल फाडणं सोपं असतं.

‘पाकिस्तानसमोर आपलीच धुणी का धुवायची?’ हा खरा आक्षेप, यावर थोडं थांबतो. भारत-पाकिस्तान वैरावरच्या कार्यक्रमात सीमा दिसते, वाघा दिसतो, सेहवाग आणि शोएब दिसतात, जुन्या दौऱ्यांचे किस्से येतात. मजा येते. पण हे वैर मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या अंगावर कसं पडतं? भारत-पाकिस्तान मॅचच्या रात्री जोगेश्वरीत, कुर्ल्यात कुठल्या नाक्यावर पोलिसांची गाडी येऊन उभी राहते हे मी वीस वर्षं बातमीदारी करताना पाहिलं आहे. त्या गल्लीतल्या पोराने विराटच्या षटकाराला शिट्टी मारली तरी त्याला पुरावा द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत आपण हरलो आणि मोहम्मद शमीला धर्मावरून शिव्या पडल्या. कर्णधार कोहली उघडपणे त्याच्या बाजूने उभा राहिला, त्याचं कौतुक आहेच. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत आपला वसिम जाफर घ्या. बसचालकाचा मुलगा, मुंबईचा कर्णधार, रणजीत १२ हजारांवर धावा करणारा पहिला माणूस. उत्तराखंडचं प्रशिक्षकपद सोडल्यावर त्याच्यावर संघात धर्म आणल्याचा आरोप झाला आणि त्याने पत्रकार परिषद घेऊन एकेक आरोप खोडून काढला. अनिल कुंबळे जाहीरपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. बाकी मोठमोठ्या नावांपैकी फार थोडी बोलली. हे त्या वैराचंच बिल आहे, फक्त ते आपल्या उपनगरात वसूल होतं. वैराची गोष्ट सांगणाऱ्याने हे बिल दाखवलं नाही तर त्याने जाहिरात केली, डॉक्युमेंटरी नाही.

जाहिरातच का होते, तेही समजून घ्या. सामन्याचं जुनं चित्रीकरण मंडळाच्या किंवा प्रक्षेपण कंपनीच्या ताब्यात. खेळाडूची मुलाखत हवी तर त्याच्या व्यवस्थापकाची मर्जी हवी. कित्येकदा खेळाडूचीच कंपनी निर्मितीत भागीदार. जो पैसे लावतो, दार उघडतो आणि शेवटी कापाकापीही बघतो, त्याला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? ‘द लास्ट डान्स’वरही हीच टीका झाली, जॉर्डनची माणसं निर्मितीत होती म्हणून. पण १९९० मध्ये त्याच्याच राज्यातल्या कृष्णवर्णीय उमेदवाराला जाहीर पाठिंबा द्यायचं त्याने का टाळलं, हा प्रश्न निदान त्या मालिकेत आहे आणि जॉर्डनला उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडे एवढंसुद्धा होत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. मग मैदानावर या. मागच्या वर्षी पूर्व उपनगरातल्या एका मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती. एका पोराने पाच बळी घेतले. बातमीसाठी नाव विचारायला स्कोअररकडे गेलो तर वहीत गोलंदाजाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘काळू’. संघातल्या तिघांना विचारलं, तिघांनाही त्याचं खरं नाव सांगता येईना. प्रशिक्षक हसून म्हणाले, ‘अहो, प्रेमाने म्हणतो आम्ही.’ शेवटी पोरानेच हळू आवाजात नाव सांगितलं. मग मागून एका पालकाचा प्रश्न आला, ‘आडनाव काय रे?’ आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ काय असतो, ते मी सांगायला नको.

‘प्रेमाने म्हणतो’ हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. जून २०२० मध्ये वेस्ट इंडिजचा दोन वेळचा विश्वविजेता कर्णधार डॅरेन सॅमी याने जाहीर केलं की आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघात त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘कालू’ म्हणायचे. त्याला वाटायचं की बलवान घोडा असा काहीतरी अर्थ असेल. अर्थ कळला तेव्हा तो चिडला. नंतर एका सहकाऱ्याशी बोलणं झालं, ते प्रेमापोटी होतं, असं सांगून प्रकरण मिटलं. रंगावरून आयुष्यभर ऐकावं लागलं, असं आपले लक्ष्मण शिवरामकृष्णन यांनी २०२१ मध्ये लिहिलं. अभिनव मुकुंदनेही त्याआधी लिहिलं होतं. म्हणजे कसोटी क्रिकेटपटूची ही गत, तर चौदा वर्षांच्या पोराने कुणाकडे जायचं?

तो पोरगाही मोबाईलवर डॉक्युमेंटऱ्या बघत असणार. त्यात त्याला दिसतं की सिडनीतल्या गोऱ्याने सिराजला बोललं तर तो गुन्हा, आणि स्वतःच्या मैदानावर त्यालाच बोललं तर ते प्रेम. या वयात पोराला दोन्ही खरं वाटू लागलं तर पुढे तो एकतर गप्प बसेल, नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाला तरी तेच म्हणेल. मला दोन्हींची भीती वाटते.

असं नाही की आपल्याकडे चांगलं काही नाही. सिडनीत सिराजने तक्रार केली तेव्हा पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता. डोंबिवलीत वाढलेला आपला अजिंक्य रहाणे म्हणाला, आम्ही खेळायला आलोय, आम्ही खेळणार, तुम्ही त्या लोकांना बाहेर काढा. परत आल्यावर मुंबईत स्वागताला लोकांनी केक आणला, वर कांगारू. त्याने तो कापायला नकार दिला, कारण कांगारू त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, समोरच्याचा मान राखला पाहिजे. स्वतःच्या माणसासाठी ठाम आणि हरलेल्याचा अपमान नाही. वैर कसं करावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. यावर चार तासांची मालिका करा, मी चारही तास बघेन.

आता मागण्या. एक, बाळूंवर जो कुणी चित्रपट किंवा मालिका करेल त्याला आतापासून विचारत राहा : १९२० आहे का त्यात? दोन, वानखेडेवर गावसकर, तेंडुलकर, मर्चंट यांच्या नावाची स्टँड आहेत, मे २०२५ मध्ये आपल्या बोरिवलीच्या रोहित शर्माच्या नावाचंही झालं, छाती फुगली. बाळूंच्या नावाचं नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनने ते करावं आणि तिथे लावायच्या पाटीवर मातीचं भांडंही लिहावं, फक्त बळी लिहू नयेत. तीन, आपल्यातली जी पोरं रील करतात, ज्यांच्या हातात उत्तम कॅमेऱ्याचा मोबाईल आहे, त्यांनी अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या मैदानांवरच्या जुन्या लोकांना गाठा. कांगा लीग खेळलेले, क्लबांत माळी म्हणून राबलेले, स्कोअर लिहिणारे. त्यांना धावा नंतर विचारा. आधी विचारा, तुम्हाला मैदानावर काय नावाने हाक मारायचे, आणि पाणी कुठल्या ग्लासातून द्यायचे. कंपन्या नाही करणार हे काम. आणि स्कोअररच्या वहीत पोराचं खरं नाव लिहा. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंट खुल्या आहेत, शिव्या सोडून सगळं चालेल. फक्त ‘खेळात जात आणू नका’ असं लिहिणार असाल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. ब्रेबॉर्नवर तुमच्या संघाच्या नावाची पाटी लागली असती आणि त्यावर ‘बाकीचे’ लिहिलं असतं, तर तुम्ही गुपचूप पॅड बांधले असते का?